कवदर केळीची कोण?

मुरबे गावात शिरलेल्याचे लक्ष आधी किनाऱ्याकडे जाते. पावसाळा सरल्यावरच्या उन्हात बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील वाळत असतात, खाडीपलीकडे सातपाटीच्या होड्या दिसतात, आणि अलीकडे गावाचे नाव छापून येते ते बहुतेक वेळा प्रस्तावित बंदराच्या बातम्यांत. केळीसाठी मुरब्याला कोणी जात नाही. तरीही घरामागे वळले, की मोरीचे पाणी जिथे जिरते तिथे केळीचे एखादे बेट उभे असतेच. त्याला कोणी खत घालत नाही, फवारणी करत नाही. सत्यनारायणाला चार खांब, पाहुणे आले की पाने, कधी केळफुलाची भाजी आणि वर्षातून एखाद-दोन लोंगर एवढे देऊन ती केळ आपली आपण वाढत राहते.

या अंकासाठी संपादकांनी विषय दिला तो ‘सगेसोयरे’. माणसांच्या सोयरिकींवर लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मोरीवरच्या या केळीचे गोत शोधायचे ठरले. शोधाची पहिली दिशाही सोपी वाटली. मुरब्याहून बोईसर गाठायचे, महामार्ग ओलांडायचा आणि विक्रमगडवरून जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत चढायचे. तिथे कातळावर केळीसारखेच एक झाड उगवते. स्थानिक लोक त्याला कवदर म्हणतात. कोकणात इतरत्र ते रानकेळ, चवई, चवेणी अशा नावांनी ओळखले जाते. घरची केळ एकीकडे आणि रानातली केळ दुसरीकडे. रानातली ती मूळ आणि कोणे एके काळी कोणीतरी तिला खाली आणून माणसाळवले, असा अंदाज कोणीही बांधेल.

हा अंदाज साफ चुकतो. कवदर आणि मोरीवरची केळ यांच्यात नाते आहे, पण ते काही कोटी वर्षे जुने आहे. मुरब्याच्या केळीचे खरे पूर्वज आग्नेय आशियाच्या आणि त्याहीपलीकडच्या बेटांवरच्या रानांत आहेत. त्यांतल्या काहींचा पत्ता अजून लागलेला नाही.

बी हरवलेला वंश

वेलची केळे सोलून आडवे कापले, तर मधोमध तीन भाग दिसतात आणि त्यांच्या कडेने बारीक तपकिरी ठिपके. ते ठिपके म्हणजे न झालेल्या बिया. रानटी केळीच्या फळात त्याच जागी काळ्या, दगडासारख्या टणक बिया खच्चून भरलेल्या असतात आणि गर जेमतेम त्यांना चिकटण्यापुरता असतो. अशा केळ्यात दात रुतवणे शहाणपणाचे नाही.

रानटी केळीच्या फुलाला परागकण मिळाले नाहीत, तर फळ भरत नाही. पण काही झाडांत केव्हातरी असा बदल झाला, की परागकण मिळो न मिळो, फळात गर भरू लागला. माणसाने ती झाडे हेरली. त्यांचे बी पेरण्याची सोय नव्हती, पण गरजही नव्हती. केळीचे खरे खोड जमिनीखालच्या कंदात असते; वर दिसते ते एकावर एक गुंडाळलेल्या सोपटांचे खोटे खोड. कंदाच्या अंगाला मुनवे फुटतात. एक मुनवा काढून शेजाऱ्याला दिला, की झाड पुढच्या वाडीत गेले. मुरब्यातली वेलची आणि वसईतली वेलची या अर्थाने दोन झाडे नाहीतच. एकच झाड मुनव्यामुनव्याने सरकत गेले आहे.

दुसरी गोष्ट संख्येची. रानटी केळीच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, प्रत्येक संचात ११. म्हणजे एकूण २२. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक केळींत मात्र तीन संच, ३३ गुणसूत्रे असतात. दोन वेगळ्या वाणांचा किंवा जातींचा संकर झाला, की त्या संकराला बीजपेशी बनवताना गुणसूत्रे नीट वाटून देता येत नाहीत. कधीकधी वाटणीच होत नाही आणि दोन्ही संच तसेच्या तसे एका बीजपेशीत जातात. तिला दुसऱ्या झाडाचा नेहमीचा एक संच मिळाला, की तीन संचांचे झाड तयार होते. तिनाची दोनांत वाटणी होत नाही, म्हणून अशा झाडाला बी जवळजवळ धरतच नाही. झाड मात्र जोमदार वाढते आणि फळही मोठे येते. माणसाला हेच हवे होते.

बी नाही म्हणजे नवी पिढी नाही, आणि नवी पिढी नाही म्हणजे गुणांची नवी फेरजुळणी नाही. या गोष्टीची किंमत पुढे मोजावी लागते.

कातळावरची कवदर

कवदर पाहायची तर पाऊस लागल्यावर. उन्हाळ्यात त्याच कड्यावर गेलेल्या माणसाला तिथे फक्त एक फुगलेला, सुकल्या सोपटांचा बुंधा दिसतो आणि झाड मेले असे वाटते. पहिल्या सरी पडल्या, की त्या बुंध्यातून पाने उसळतात आणि थोड्याच दिवसांत कातळाच्या खाचेत रुंद हिरवा पिसारा उभा राहतो. माती वीतभर असली तरी तिला चालते. दिवाळीच्या सुमारास पानांच्या कडा पिवळ्या पडू लागतात, थंडीत ती वाळून जातात आणि साठवलेल्या पाण्या-पिठावर बुंधा पुढचा जून गाठतो. पालघरच्या डोंगरांपासून सह्याद्रीच्या कड्याकड्याने दक्षिणेपर्यंत ही वनस्पती आहे. मुंबईच्या बोरिवलीतल्या राष्ट्रीय उद्यानातही ती भेटते.

लांबून केळ, जवळून मात्र फरक दिसू लागतात. घरच्या केळीचे खोड वरपासून खालपर्यंत साधारण सारख्या जाडीचे असते, कवदरीचे तळाशी मडक्यासारखे फुगलेले. घरच्या केळीभोवती पिलांचा गराडा असतो, कवदर एकटी उभी असते, कारण तिला मुनवे फुटत नाहीत. काही वर्षे ती नुसतीच वाढते, मग एकदाच फुलते, जाडजूड तांबूस-तपकिरी, पाकळीसारख्या आवरणांचे मोठे फूल खाली झुकते, फळे धरतात आणि झाड मरते. फळात गर नावापुरता. बिया मात्र भरपूर, गडद रंगाच्या, कोनदार आणि घरच्या केळीच्या कुठल्याही रानटी नातेवाइकापेक्षा कितीतरी मोठ्या.

विल्यम रॉक्सबर्ग या कंपनी सरकारच्या काळातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला ‘म्युसा सुपर्बा’ म्हटले, म्हणजे केळीच्याच प्रजातीत घातले. १९४७ मध्ये ई. ई. चीझमन यांनी तिला तिथून काढून ‘एन्सेटे’ या वेगळ्या प्रजातीत नेले आणि तेव्हापासून तिचे शास्त्रीय नाव ‘एन्सेटे सुपर्बम’ झाले. ही केवळ कागदावरची बदली नव्हती. एन्सेटेच्या गुणसूत्रांचा संच ९ चा आहे, घरच्या केळीचा ११ चा. दोघींचे कूळ एकच, म्हणजे म्युसेसी. पण घरे वेगळी. डीएनएच्या आधारे केलेल्या हिशेबांत ही दोन घरे वेगळी झाल्याचा काळ पाच कोटी वर्षांच्या आसपास येतो.

कवदरीची पिकात आलेली नातलग शोधायची तर अरबी समुद्र ओलांडावा लागतो. इथिओपियात एन्सेटेची दुसरी एक जात घराघरांपुढे लावली जाते. तिचे फळ कोणी खात नाही. चार-सहा वर्षांचे झाड पाडून त्याचे खोड आणि कंद खरवडतात, तो लगदा खड्ड्यात पुरून आंबवतात आणि त्याची ‘कोचो’ नावाची जाड भाकरी करतात. सुमारे दोन कोटी लोकांचे पोट या झाडावर अवलंबून आहे. आफ्रिकेत ही जात इतरत्रही रानात वाढते, पण पीक म्हणून ती फक्त इथिओपियात उभी राहिली. जव्हार-मोखाड्यात कवदरीचा कोवळा गाभा आणि फूल भाजीला घेतात, पावसाळ्यात भरणाऱ्या रानभाज्यांच्या महोत्सवांत शेवळा-लोतांच्या पंगतीत तिचेही नाव असते. पण तिला अंगणात आणून लावण्याइतके कोणाचे अडले नाही.

हे कूळ जगभर किती पसरले होते, ते जीवाश्मांवरून कळते. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात सुमारे ४ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीच्या खडकात एन्सेटेच्या बिया सापडल्या आहेत. आज अमेरिकेत या कुळाचे एकही रानटी झाड नाही. आपल्याकडेही एक दावा झाला होता. पालघरचे डोंगर ज्या लाव्हाने घडले, त्याच दख्खनच्या लाव्हाच्या थरांमधल्या गाळात, छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलान इथे एक अश्मीभूत फळ मिळाले आणि १९६०च्या दशकात आर. के. जैन यांनी त्याला ‘म्युसा कार्डिओस्पर्मा’ असे केळीचे नाव दिले. पुढच्या अभ्यासकांनी ते केळीचे असण्याबद्दलच शंका घेतली. तेव्हा केळीच्या वंशावळीत या फळाची जागा पक्की धरता येत नाही.

पंधरा खुणा

मग मोरीवरची केळ कोणाची? या प्रश्नाचे पटण्याजोगे उत्तर पहिल्यांदा मिळाले ते १९५५ मध्ये, आणि तेही प्रयोगशाळेतल्या यंत्राशिवाय. त्रिनिदादमध्ये केळीवर काम करणाऱ्या नॉर्मन सिमंड्स आणि केनेथ शेफर्ड यांनी म्हटले, की लिनियसने अठराव्या शतकात दिलेली ‘म्युसा पॅराडिसिआका’ आणि ‘म्युसा सेपिएंटम’ ही नावे बाजूला ठेवा, कारण ती रानटी जातींची नावे नव्हेतच. खाण्याच्या जवळजवळ सगळ्या केळी दोनच रानटी जातींपासून आल्या आहेत: म्युसा अक्युमिनाटा आणि म्युसा बाल्बिसियाना. एकीच्या संचाला ‘ए’ म्हणा, दुसरीच्या संचाला ‘बी’.

कोणत्या केळीत किती ए आणि किती बी, हे ठरवायला त्यांनी झाडाच्या अंगावरच्या पंधरा खुणा निवडल्या. खूण अक्युमिनाटासारखी असेल तर एक गुण, बाल्बिसियानासारखी असेल तर पाच, मधली असेल तर मधले गुण. शुद्ध अक्युमिनाटाची बेरीज १५, शुद्ध बाल्बिसियानाची ७५. ही परीक्षा मुरब्याच्या परसातही घेता येते.

पहिली खूण खोडावर. अक्युमिनाटाच्या खोडावर काळे-तपकिरी डाग असतात, बाल्बिसियानाचे खोड जवळजवळ स्वच्छ. मग पानाचा देठ आडवा कापून पाहायचा. त्यावरची पन्हळ वर उघडी असेल तर ए-कडचा कल, तिच्या कडा एकमेकींना भिडून पन्हळ मिटली असेल तर बी-कडचा. त्यानंतर केळफूल. अक्युमिनाटाची लालसर पारी, म्हणजे फुलांवरचे पाकळीसारखे आवरण, उघडली की मागे गुंडाळली जाते आणि तिचे टोक निमुळते असते. बाल्बिसियानाची पारी नुसती वर उचलली जाते, गुंडाळत नाही, टोक बोथट आणि आतला रंग भडक किरमिजी. शेवटी मघाचे ते ठिपके. फळाच्या प्रत्येक कप्प्यात ते दोन सरळ ओळींत असतील तर अक्युमिनाटा, चार वेड्यावाकड्या ओळींत असतील तर बाल्बिसियाना.

या मोजपट्टीवर आपल्याकडच्या केळी वेगवेगळ्या जागी बसतात. बसराई ही बुटकी कॅव्हेंडिश. तिचे तिन्ही संच ए, म्हणून बेरीज पंधरापासून फार दूर जात नाही. जळगावची ग्रँड नैनही याच घरातली. सफेद वेलचीत एक ए आणि एक बी. ती मध्यावर, पन्नाशीच्या अलीकडे. राजेळीत दोन ए आणि एक बी. भाजीची जाड सालीची, कोनदार बनकेळ एक ए आणि दोन बी. तिची बेरीज साठीच्या घरात जाते. बी जास्त तशी झाडाची पाण्याचा ताण सोसण्याची ताकद आणि फळातला पिठूळपणा वाढत जातो, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

या दोन रानटी जातींची नावे १८२० सालची, लुइजी कोला या इटालियन अभ्यासकाने दिलेली. त्यांची मूळ घरे पूर्वेकडे आहेत. अक्युमिनाटा ईशान्य भारत-म्यानमारपासून मलायावरून न्यू गिनीपर्यंत पसरलेली आहे आणि सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडेही तिची रानटी झाडे आहेत. बाल्बिसियाना ईशान्य भारतापासून दक्षिण चीन, फिलिपिन्सपर्यंत आढळते. आसामात बाल्बिसियानाचाच एक प्रकार बिया असूनही खाल्ला जातो. त्याचे नाव भीमकोल, आणि तिथे तान्ह्या मुलांना भरवायला तो वापरतात. बिया काढण्याचे कष्ट घ्यायची तयारी असेल तर रानटी केळीही जेवणात येते, याचा हा जिवंत पुरावा.

राजेळीचे आजोळ

आगाशी, विरार, वसई या पट्ट्यात राजेळीची केळी सोलून, उन्हात वाळवून सुकेळी करण्याचा धंदा जुना आहे. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ सालच्या गॅझेटियरमध्ये बसराई, मुठेळी, तांबडी, राजेळी अशी किनाऱ्यावरच्या केळींची नावे येतात आणि आगाशीच्या सुक्या केळ्यांचा उल्लेख वाखाणणीने येतो. वाळत घातलेले केळे आकसते, मधाच्या रंगाचे होते, मग ते सुक्या पानात घट्ट बांधतात. राजेळीशिवाय दुसऱ्या केळ्याची सुकेळी तशी होत नाही, असे करणारे सांगतात. राजेळी म्हणजे केरळातली नेंद्रण. दोन्ही नावे एकाच गटाची.

या गटाचे दोन ए कुठून आले, हे डीएनएने दाखवले. अक्युमिनाटा ही जात एकसंध नाही. बेटाबेटावर तिच्या उपजाती वेगळ्या आहेत. मलायात मलाक्केन्सिस, जावात झेब्रिना, न्यू गिनीत बँक्सिआय, म्यानमारच्या बाजूला बर्मानिका. राजेळीच्या गटातला ए-चा मोठा हिस्सा बँक्सिआयशी जुळतो. आगाशीच्या ओसरीवर वाळणाऱ्या केळ्याचे आजोळ असे न्यू गिनीच्या रानात निघते. त्याच न्यू गिनीत, कुक नावाच्या दलदलीच्या जागी, सुमारे ७००० वर्षांपूर्वी केळ लावली जात असल्याचे पुरावे मिळाले आहेत. केळीच्या पानात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात. पान कुजले तरी ते मातीत टिकतात, आणि आकारावरून ओळखू येतात.

माणसांनी केळीचे मुनवे होड्यांतून बेटाबेटांवर नेले. परक्या बेटावर आलेली एक उपजात तिथल्या रानटी उपजातीशेजारी लावली गेली आणि पुढचे काम वटवाघळांनी केले. संकर झाले, त्यांतले बिनबियांचे माणसाने निवडले, ते पुढच्या बेटावर नेले. रानात ज्यांची कधी भेट झाली नसती, त्यांची सोयरीक अशी परसात जमली. ए आणि बी यांच्या संकरांची सगळ्यांत मोठी विविधता आज भारतात, विशेषतः दक्षिणेत दिसते.

बसराईची कथा आणखी फिरते. तिच्या तीन संचांपैकी दोन ज्या बीजपेशीतून एकदम आले, ती ‘म्लाली’ नावाच्या केळींच्या गटातली होती. म्लालीची झाडे आज सापडतात ती झांझिबार, कोमोरोस, मादागास्कर या भागांत. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या केळी-व्यापारावर राज्य करणारी ग्रोस मिशेल ही जातही त्याच गटातून उतरली आहे. पनामा या बुरशीजन्य रोगाने ग्रोस मिशेलचे मळे उद्ध्वस्त केले आणि त्या जागी तिचीच ही जवळची भावंडे, कॅव्हेंडिशच्या घरातली, लावली गेली.

२०१२ मध्ये मलाक्केन्सिसच्या एका झाडाचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ३६,५०० जनुके मोजली गेली. २०१९ मध्ये बाल्बिसियानाचाही तपशीलवार आराखडा आला. त्यानंतर लागवडीतल्या केळींची गुणसूत्रे तुकड्यातुकड्याने तपासता आली, आणि चित्र सिमंड्स-शेफर्ड यांच्या ए-बीपेक्षा बरेच गुंतागुंतीचे निघाले. एकाच गुणसूत्रावर एक तुकडा न्यू गिनीचा, पुढचा मलायाचा, त्यापुढचा जावाचा असे ठिगळकाम दिसते. काही तुकडे तर ठाऊक असलेल्या कोणत्याच रानटी केळीशी जुळत नाहीत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने असे तीन अज्ञात पूर्वज मांडले आणि त्यांना शोधण्याच्या जागाही सुचवल्या: एक थायलंडच्या आखाताच्या बाजूला, दुसरा उत्तर बोर्निओ आणि फिलिपिन्स यांच्या दरम्यान, तिसरा न्यू गिनीच्या परिसरात.

आईकडून, बापाकडून

केळीच्या वंशावळीत अभ्यासकांना मदत करणारी एक विलक्षण सोय आहे. पेशीत मुख्य डीएनएशिवाय हरितलवकांत आणि मायटोकाँड्रियात थोडा वेगळा डीएनए असतो. माणसात मायटोकाँड्रिया आईकडून येतात, बहुतेक वनस्पतींतही हे दोन्ही आईकडूनच येतात. केळीत मात्र हरितलवके आईकडून येतात आणि मायटोकाँड्रिया बापाकडून, हे १९९०च्या दशकात दाखवले गेले. त्यामुळे एखाद्या संकराच्या पानाचा एक तुकडा घेऊन आई कोण आणि बाप कोण, हे दोन स्वतंत्र धाग्यांनी तपासता येते. मुनव्यांनी शेकडो वर्षे चालत आलेल्या केळीचेही मूळ लग्न कोणत्या दोन घरांत लागले होते, ते असे कळते.

वारशात नको असलेल्या वस्तूही येतात. बी संचाच्या डीएनएत केळीवरच्या एका विषाणूचे तुकडे कधीकाळी शिरून बसलेले आहेत. शुद्ध बाल्बिसियानात ते गप्प असतात. ए आणि बी एकत्र आलेल्या संकरात मात्र ताण पडला, किंवा ऊतिसंवर्धनाने रोपे करताना, ते जागे होऊन पानांवर रेघा उमटवणारा रोग निर्माण करू शकतात. बाहेरून लागण न होताही झाड आजारी पडते. नवे संकर तयार करणाऱ्यांना बी संच वापरताना हा धोका धरून चालावे लागतो.

रानात हे सगळे लग्नकार्य रात्री चालते. अक्युमिनाटा आणि बाल्बिसियानाचे केळफूल खाली लोंबते, अंधार पडता पडता एक पारी उघडते आणि तिच्याखालच्या फुलांत पातळ मध भरलेला असतो. फळे खाणारी छोटी वटवाघळे पारीला लटकून तो चाटतात आणि डोक्यावर परागकण घेऊन पुढच्या झाडाकडे जातात. ज्या रानटी केळींचे फूल वर ताठ उभे असते, त्यांच्याकडे दिवसा सूर्यपक्षी येतात. कवदरीचे झुकलेले, मंद रंगाचे फूल वटवाघळांच्याच सोयीचे आहे. मुरब्याच्या परसातही काळोख पडल्यावर केळफुलाभोवती वटवाघळे घिरट्या घालतात. त्यांना मध मिळतो. पण त्या फुलांतल्या परागकणांत बहुधा जीव नसतो, आणि असला तरी तो स्वीकारणारी फुले नसतात.

अडीअडचणीचे नातलग

ग्रोस मिशेलला संपवणारी पनामा बुरशी कॅव्हेंडिशला काही करू शकत नव्हती. मग तिचा नवा प्रकार निघाला, टीआर-४ नावाचा, आणि तो कॅव्हेंडिशलाही मारतो. गेल्या दशकात तो बिहार-उत्तर प्रदेशातल्या बागांत पोचला. बुरशी मातीत वर्षानुवर्षे राहते, मुळांतून शिरते आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. पाने खालून वर पिवळी पडून मोडतात, खोड चिरले की आत तपकिरी-काळ्या रेघा दिसतात. औषध नाही. एका शेतातली सगळी झाडे एकाच झाडाच्या प्रती असल्याने एक गेले की सगळी त्याच वाटेने जातात. कर्नाटकातली नंजनगूडची रसबाळे जुन्या प्रकारच्या पनामा रोगानेच जवळजवळ संपत आली होती.

इथे रानटी सगे आठवतात. ऑस्ट्रेलियात जेम्स डेल यांच्या चमूने मलाक्केन्सिस या रानटी उपजातीतले ‘आरजीए-२’ हे जनुक कॅव्हेंडिशमध्ये घातले. त्या केळीला, क्यूकॅव्ह-४ला, २०२४च्या फेब्रुवारीत तिथे लागवडीची आणि खाण्याची परवानगी मिळाली. हे जनुक कॅव्हेंडिशमध्ये आधीपासून होतेच. पण तिथे ते फार क्षीणपणे काम करत होते. पानावरच्या करपा रोगाविरुद्ध जगभरचे पैदासकार ‘कलकत्ता-४’ या रानटी अक्युमिनाटाचा पराग वापरतात. तिची फळे बियांनी भरलेली असतात आणि कोणी खात नाही. पण केळीच्या कितीतरी सुधारित संकरांत तिचा अंश आहे.

अशा झाडांचे संग्रह ठेवावे लागतात. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला १९९३ पासून राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र आहे. तिथे लागवडीच्या वाणांबरोबर रानटी जातीही राखल्या जातात. बेल्जियममधल्या लुव्हेन विद्यापीठात जगभरच्या पंधराशेहून अधिक नमुन्यांचा संग्रह आहे. खाण्याच्या केळीला बी नसल्याने तिथे रोपांचे कोंब काचेच्या नळ्यांत थंड जागी वाढवत ठेवतात आणि काही उणे १९६ अंश तापमानाच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवतात. रानटी केळीचे बी साठवता येते, पण ते रुजवणे कटकटीचे असते.

एकच वाट

कवदर या खटाटोपात थेट उपयोगी पडत नाही. तिची ९ गुणसूत्रे आणि केळीची ११ जुळत नाहीत, त्यामुळे बसराई किंवा वेलचीशी तिची सोयरीक नेहमीच्या पैदाशीने होत नाही. पण वीतभर मातीत, आठ महिने पावसाशिवाय, सूर्याने तापलेल्या कातळावर केळीच्या कुळातले झाड कसे तगते, याचे उत्तर तिच्याकडे आहे, आणि पाण्याला आसुसलेल्या केळीच्या अभ्यासकांना त्यात रस वाटू लागला आहे.

गावच्या व्यवहारात मात्र कवदरीचे गणित वेगळे आहे. परसातली केळ भाजीसाठी किंवा पूजेसाठी कापली तर चार मुनवे मागे उभे असतात. कवदरीचा गाभा काढला, फूल आधीच तोडले, तर मागे काही उरत नाही. तिला मुनवा नाही आणि फुलण्याची संधी आयुष्यात एकच. वंश पुढे जायचा तो फक्त बियांतून. त्याच बिया मूतखड्यावरचे औषध म्हणून गोळा होतात आणि जडीबुटीच्या दुकानांपर्यंत जातात. भाजीला झाड फुलण्याआधी जाते आणि औषधाला फुलल्यानंतर, त्यामुळे ज्या डोंगरावर या दोन्ही मागण्या एकत्र येतात, तिथे नव्या पावसात उगवायला कड्याच्या हात न पोचणाऱ्या खाचांतले बीच शिल्लक राहते. जव्हारकडच्या एखाद्या रोपवाटिकेने चार झाडांचे बी राखून पेरायला सुरुवात केली, तरी रानभाज्यांच्या महोत्सवात मांडायची कवदर डोंगरावरून आणावी लागणार नाही. मुरब्यात मोरीच्या पाण्यावर मात्र तिचा निभाव लागणार नाही. तिला कोरडा उन्हाळा आणि पाय टेकायला कातळ लागतो.